इस्लेरोचं डावं मडगार्ड

"काका, लँबोर्गिनीची दारं वर उघडतात का बाजूला?"

प्रश्न शिवांजलीचा नव्हताच. तो तिच्या वर्गातल्या वैष्णवीनं शाळेच्या मधल्या सुट्टीत शोधून काढला होता आणि "हिंमत असंल तर विचारून दाखव" म्हणून तिच्या गळ्यात बांधला होता. आता शिवांजलीला हिंमत दाखव म्हणणं म्हणजे पेटत्या चुलीत पाचट टाकणं. आठवीपर्यंत ही पोरगी हजेरीलासुद्धा "हजर" म्हणताना खाली बघायची. मग नववीत पंधरा ऑगस्टला सूत्रसंचालन करणारी मुलगी आजारी पडली, बाईंनी हिच्या हातात माइक दिला, आणि त्या दिवसापासून तिच्या तोंडाला जे कुलूप होतं ते निघालं ते निघालंच. आता ती दहावीत होती आणि अख्ख्या नांदूरघाटात आपण कुणालाही काहीही विचारू शकतो अशी तिची खात्री झाली होती.

सुग्रीवकाकांची पत्र्याची शेड केज रस्त्याला, चहाच्या हॉटेलाला लागून. साठीकडं झुकलेला सुकडा माणूस. बावीस वर्षं शारजात गॅरेजमध्ये काढून तीन वर्षांपूर्वी गावी आला आणि ट्रॅक्टरची चेपलेली मडगार्डं, जीपचे बॉनेट ठोकून सरळ करायला लागला. एकदा सलूनमध्ये दाढी करताना तो बोलून गेला, की मी लँबोर्गिनीचं डेंटिंग केलंय. झालं! गावानं त्याचं बारसंच करून टाकलं. लँबोर्गिनी सुग्रीव. त्यानं गाड्यांची जी नावं सांगितली ती कुणी ऐकलेली नव्हती, म्हणून तर लोकांना जास्तच हसू आलं.

प्रश्न ऐकून त्यानं मान वाकडी करून आवाजाच्या दिशेनं पाहिलं. वैष्णवीनं मोबाइल धरलेलाच होता. हॉटेलातली पाच-सहा माणसं कपबशा घेऊन पुढं सरकली.

"कोणती?" त्यानं विचारलं.

"कोणती म्हंजे? लँबोर्गिनी!"

"मी केल्या त्यांची बाजूलाच उघडायची. आपल्या जीपसारखी."

हॉटेलात जो हशा उठला तो पार बसस्टँडपर्यंत गेला असेल. रीलमध्ये शेंबड्या पोरानंसुद्धा बघितलेलं, लँबोर्गिनीची दारं पंखासारखी वर जातात. "आरं, हा शारजात जीपाच ठोकून आलाय बे!" कुणीतरी ओरडलं. आणि शिवांजलीनं, कुणी सांगितलं नसताना, मोबाइलकडं वळून झोकात हात केला: "तर मंडळी, ही आपली नांदूरघाटची लँबोर्गिनी जीप!"

सुग्रीवकाका हातोडी घेऊन पुन्हा मडगार्डाकडं वळला.

दिवेलागणीपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या सगळ्या ग्रुपांवर फिरला. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं एकमेकांना "लँबोर्गिनी जीप" म्हणून हाका मारत होती आणि शिवांजलीचे पाय जमिनीला लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी तिचे अप्पा, शिवलिंगअप्पा, कृषी सेवा केंद्र बंद करून घरी आले तेव्हा हसता हसता म्हणाले, "तुझ्या व्हिडिओनं कमाल केली बरं का. वरल्या आळीच्या आप्पारावानं त्याचा ट्रॅक्टर सुग्रीवकडनं काढून केजला नेला. म्हणे, फेकाड्याच्या हातात लोखंड कावून द्यायचं?"

हे ऐकून तिला जरा कसंतरी झालं. पण जराच. कारण तिच्या डोक्यात व्हिडिओचा दुसरा भाग शिजत होता. लँबोर्गिनीचे फोटो दाखवायचे, दारं दाखवायची, वर आपला आवाज. फोटो शोधायला तिनं आईचा मोबाइल घेतला. नव्या गाड्या तर सगळ्यांनी पाहिलेल्या, आपण जुन्या दाखवू म्हणून तिनं जुन्या उघडल्या.

आणि तिथं ती थांबली.

पहिलीच गाडी, साठ वर्षांपूर्वीची, गोल डोळ्यांची. दारं बाजूला. मग एस्पाडा नावाची लांबलचक, चार माणसं ऐसपैस बसतील अशी. दारं बाजूला. जरामा तर झोपाळू दिसत होती, दिव्यांवर अर्ध्या पापण्या ओढलेल्या. उर्राको. आणि इस्लेरो. ही इतकी साधी, सरळ रेघेची, की इस्त्रीचा सदरा घालून कुणी पाहुणा गुपचूप ओसरीवर येऊन बसावा. सव्वादोनशेच्या आसपासच बनल्या होत्या म्हणे. दारं? बाजूला. आपल्या जीपसारखी. वर जाणारी दारं त्या घराण्यात बरीच नंतर आली होती, आणि तीही सगळ्या लेकरांच्या वाट्याला नव्हती.

शिवांजलीनं मोबाइल पालथा ठेवला. सुग्रीवकाकानं "कोणती?" असं विचारलं होतं. सगळ्या गावात त्या गाडीबद्दल नीट प्रश्न विचारणारा तो एकटाच माणूस होता, आणि गावानं त्यालाच खोटं पाडलं होतं. गावानं कसलं! तिनं.

तिनं दुसरा व्हिडिओ केला. सगळी नावं सांगितली, फोटो दाखवले, "चूक माझी होती" असंही स्पष्ट म्हणाली. पहिला व्हिडिओ अख्ख्या पंचक्रोशीनं पाहिला होता. दुसरा अकरा जणांनी पाहिला, त्यात दोघी वर्गमैत्रिणी आणि एक मामा. वैष्णवी म्हणाली, "अगं, गंमत होती ती. तू लई मनावर घेतीस."

"चल माझ्यासंगं. माफी मागू."

"मी न्हाई बाई. तूच जीप म्हणालीस, मी तर नुसता मोबाइल धरलता."

ते मात्र खरं होतं. म्हणून ती एकटीच गेली.

शेडचं दार अर्धं ओढलेलं होतं. आत सुग्रीवकाका वाळूच्या पिशवीवर एक वाकदार पत्रा घेऊन बसला होता आणि त्यावरून तळहात फिरवत होता. शिवांजली त्याच्यासमोर चार हातांवर उभी राहिली तरी तो म्हणाला, "कोण हाय?"

"मी... शिवलिंगअप्पाची शिवांजली."

"हां. जीपवाली." हात थांबला नाही. "आणखी एक काढायचाय का?"

तिनं येताना वाटेत अख्खं भाषण जुळवलं होतं. सुरुवात, मध्य, शेवट. त्यातला एक शब्द आठवेना. जे तोंडात आलं ते तिनं सांगून टाकलं. "इस्लेरो. जरामा. एस्पाडा. उर्राको. सगळ्यांची दारं बाजूला हायत काका. तुमी खरं बोलत होता."

आता हात थांबला. तीन वर्षांत ही नावं गावातल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्याच्या कानावर पहिल्यांदाच पडत होती.

"उर्राको म्हंजे काय, ठाऊक हाय?" तो हळूच म्हणाला.

"न्हाई."

"गोऱ्हा. जवान, अजून जुपलेला नसतो ना, तसा. त्या कंपनीचा मालक आधी ट्रॅक्टर करायचा. रास वृषभ. म्हणून गाड्यांना बैलांची, झुंजीची नावं. अन् इस्लेरो तर खराच बैल होता. तिकडं माणसं बैलासंगं झुंजतात. ह्यानं एका लई मोठ्या झुंजणाऱ्याला शिंगावर घेतलं. माणूस गेला, बैलबी गेला. नाव राह्यलं." त्यानं मांडीवरच्या पत्र्यावर थाप मारली. "हे त्याचंच हाय."

शिवांजलीला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि ती खालीच बसली. "हे? खऱ्या इस्लेरोचं?"

"डावं मडगार्ड. पुण्याच्या एका शौकीन माणसाची गाडी हाय. मागं कुणीतरी ठोकली अन् वर बोटभर पुट्टी भरून रंग मारला. आता पुट्टी खरवडली तर पत्र्याची पार दशा. शारजाचा माझा फोरमन त्यांना म्हणाला, हिंदुस्थानात ह्या गाडीला हात लावलेला एकच माणूस हाय, बीड जिल्ह्यात बघा. म्हणून गोणपाटात बांधून हितं आलं. गुरुवारी न्यायला येणार हायत."

"मग काका, तुमी गावाला दाखवलं कावून न्हाई? सगळ्यांची तोंडं बंद झाली असती!"

"अन् गुरुवारी ते म्हणाले असते, नीट झालं न्हाई, तर?"

बाहेरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, शेडचा पत्रा थरथरत होता. ट्रॉल्या गेल्यावर त्यानं सांगितलं. शुगरनं उजवा डोळा नेला. डाव्यानं उजेड दिसतो, माणूस दिसत नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी उशीर झाल्याचं सांगितलं होतं. डोळ्यांचं त्याला एवढं नव्हतं. हे काम डोळ्यांचं नाहीच, तळव्याचं. पण दिवाळीपासून बोटं बधिर व्हायला लागली होती. ट्रॅक्टरच्या मडगार्डाला तेवढ्यावर भागतं. इस्लेरोला भागत नाही.

"हातोडी अजून बसती बघ जागेवर. पण जागाच सापडत न्हाई," तो म्हणाला. "गाव खोटं म्हणलं, त्याचं काय न्हाई. पर गुरुवारी हे असंच गेलं, तर मी खरंच खोटा."

शिवांजलीनं न विचारताच हात पुढं केला.

"थांब. तसा न्हाई." त्यानं खिशातून पातळ, विरलेलं सुती फडकं काढलं. "हे हाताखाली घे. नुसता हात पत्र्याला चिकटतो, काय सांगत न्हाई. फडक्यावरनं सरकव. डोळे मीट. बोटानं न्हाई, तळव्यानं. आडवं न्हाई, लांबीनं."

तिनं फिरवलं. पत्रा थंडगार होता. एकदा, दोनदा. काहीच नाही. तिसऱ्यांदा चाकाच्या कमानीवर तळव्याला काहीतरी लागलं, इतकं बारीक की लागलं म्हणावं की नाही.

"हितं."

"फुगलंय का दबलंय?"

"फुगलंय," ती म्हणाली. आणि डोळे मिटलेलेच ठेवून पुढं म्हणाली, "लखन्याच्या खांद्याला आलतं ना, तसं."

लखन्या हा तिच्या घरचा बैल. दुकान असलं तरी तीन एकर होतं आणि अप्पांनी बैलजोडी मोडली नव्हती. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर ज्या खांद्यावर जू बसतं तो खांदा लोणी-हळदीनं मळायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." अप्पांना मुलगा नाही. म्हणून सहा वर्षांची असल्यापासून ते काम शिवांजलीचं. कातड्याखाली कुठं गाठ धरलीय, कुठं नुसती सूज आहे, कुठं खांदा बसलाय, हे ती डोळे मिटून सांगायची आणि अप्पा तिथं शेक द्यायचे. तिला ते कधी विशेष वाटलं नव्हतं. भाकरी थापता येते तसं तेही येतं.

सुग्रीवकाकानं खडू दिला. "खूण कर."

घरी तिनं सगळं सांगितलं. आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं त्या शेडात बसायचं? दहावीचं वर्ष हाय, काय ध्यानात हाय का?" आपणही हसलो होतो, हे अप्पांना आठवत असावं. शेवटी म्हणाले, "गुरुवारपर्यंत. चूक तू केलीस, तू निस्तर. गुरुवारनंतर नाव काढायचं न्हाई."

सहा दिवस. शाळा सुटली की दप्तरासकट ती शेडमध्ये. ती डोळे मिटून शोधायची, खडूनं गोल काढायची. फुगीर असलं तर फुली, दबलेलं असलं तर टिंब. काका पत्र्याच्या मागून लोखंडी ठोकळा धरायचा, ती त्याचा हात खुणेवर नेऊन फुली की टिंब ते सांगायची आणि तो ठोकायचा. टक, टक. एवढ्या हलक्यानं की जणू दाराशी कुणी ओळखीचं आलंय. मग पुन्हा तिचा हात. रविवारी तर त्यांनी दिवसभर काम केलं आणि संध्याकाळी पत्रा सकाळपेक्षा वाईट झाला. शिवांजलीनं घाईत फुलीच्या जागी टिंबं काढली होती. तिला वाटलं, आता हा हाकलणार.

"तू लई बोलतीस," काका एवढंच म्हणाला. "हात फिरवताना तोंड बंद ठेवत जा. तोंड चालू असलं की हाताला ऐकू येत न्हाई."

तिनं तोंड बंद ठेवलं. तिच्या आयुष्यात आठवीनंतर पहिल्यांदा ती तासन्‌तास गप्प होती, पण हा गप्पपणा जुना नव्हता. जुन्या गप्पपणात भीती असायची.

बुधवारी उन्हं उतरताना काकानं हातोडी खाली ठेवली. "झालं."

तिनं शेवटचा हात फिरवला. दिव्याच्या खोबणीपासून मागं, कमानीवरून, दाराकडं. सगळं पाण्यासारखं गेलं. आणि अगदी कडेला, चार बोटं अलीकडं, तळवा किंचित उचलला.

तिनं पुन्हा फिरवला. पुन्हा उचलला.

"काका, न्हाई झालं."

"झालंय."

"हितं फुगीर हाय."

त्यानं स्वतः हात फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. त्याच्या कपाळाच्या शिरा ताठ झाल्या. "बावीस वर्षं, पोरी! बावीस वर्षं मी हेच केलं. सहा दिवसांत तू मला शिकवायला लागलीस? हितं काय न्हाई!"

व्हिडिओत जीप म्हणताना जी धिटाई होती ती इथं कामाची नव्हती. गप्प बसणं सोपं होतं. उद्या पुण्याची माणसं काय ते बघतील. पण मग तिनं याला दुसऱ्यांदा खोटं पाडलं असतं.

"हाय काका," ती म्हणाली. "तुमच्या हाताला लागत न्हाई. पर हाय."

सुग्रीवकाका आपल्या बोटांची टोकं एकमेकांवर घासत होता, चिमटीत मीठ धरल्यासारखी. मग तो उठला, चिंधीला रॉकेल लावून त्यानं पत्रा पुसला आणि मडगार्ड उचलून दारात मावळतीसमोर धरलं. "उजेडाची रेघ बघ. सरळ जाती का?"

ओल्या पत्र्यावरून लाल रेघ वाहत गेली आणि त्या जागेपाशी केसाएवढी वाकली.

"वाकती."

त्यानं मान हलवली. मडगार्ड परत पिशवीवर ठेवलं, मागून ठोकळा लावला आणि हातोडी तिच्याकडं केली. "एवढ्या बारीक घावाचं माप आता मला न्हाई राह्यलं. तू मार. मनगटानं. हातोडीला पडू दे, तू ढकलू नको."

"चुकलं तर?"

"तर चुकलं."

तिनं मारला. एकच. मग फडकं घेऊन हात फिरवला. तळवा कुठंच थांबला नाही, थेट पत्रा संपला तिथपर्यंत गेला.

गुरुवारी ती पहिल्या तासाला परवानगी काढून शेडवर आली. पुण्याहून टेम्पो आला, त्यातून पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ उतरले. हॉटेलातली माणसं कपबशा घेऊन पुढं आली, आज कुणी हसत नव्हतं. गृहस्थांनी कोटाच्या खिशातून तसंच एक विरलेलं फडकं काढलं, डोळे मिटले आणि मडगार्डावरून हात नेला. त्या कडेच्या जागेवर ते परत आले, दोनदा गेले.

"हा शेवटचा घाव तुमचा नाही, सुग्रीवभाऊ," ते म्हणाले. "बाकी सगळ्या पत्र्यावर तुमचा हात कळतो."

"न्हाई, साहेब. हिचा हाय."

गृहस्थांनी तिच्याकडं, तिच्या शाळेच्या गणवेशाकडं पाहिलं. "बरोबर बसलाय," म्हणाले. मग काकाला म्हणाले, "उजवं मडगार्डही असंच आहे. पाठवू?"

"नका पाठवू. माझं झालं."

टेम्पो गेला. हॉटेलातले लोक, "सुग्रीवभाऊ, चहा घ्या की," म्हणायला लागले. काका आत जाऊन हत्यारं पुसून पत्र्याच्या पेटीत ठेवत होता, एकेक करून, चाचपून.

"काका, उजवं कावून न्हाई घेतलं? मी हाय ना."

"तुला एक घाव आला. उजवं करायला चार वर्षं शिकावं लागंल." त्यानं हात वर करून स्वतःच्या डोळ्यांसमोर धरला, दिसत नसताना. "माझ्याकडं चार न्हाईत. दोन असतील. मग हे मनगटबी जाईल. मला आलं ते माझ्यासंगंच जाणार, त्याचं मी मनाला सांगून ठेवलंय. तू अभ्यास कर. जा, शाळेला उशीर होतोय."

ती शाळेत गेली. दिवसभर गणिताच्या वहीत तिनं एकही आकडा लिहिला नाही. तिचं पुढचं सगळं ठरलेलं होतं. अंबाजोगाईला अकरावी सायन्स, मावशीकडं राहायचं, डॉक्टरकीची परीक्षा. अप्पा क्लासवाल्यांशी बोलूनही आले होते. यात कुणाचं काही चुकत नव्हतं. फक्त, डॉक्टरकी चार वर्षांनीही शिकवणारे असणार होते, दहा वर्षांनीही.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई भाकरी थापत होती आणि अप्पा हातपाय धुऊन, कपाळाला भस्म लावून पाटावर बसत होते. तिनं दप्तर खाली ठेवलं नाही. माइक हातात नव्हता, तरी ती ताठ उभी राहिली.

"संपलं का गं तुझं मडगार्ड?" अप्पांनी विचारलं.

"ते संपलं, अप्पा. आता मी सांगते ते दोघं आधी पुरतं ऐकून घ्या, मग ओरडा. मी अंबाजोगाईला जाणार न्हाई. दहावीला चांगले मार्क आणते, शब्द देते. पण त्यानंतर मी आयटीआयला जाणार, पत्र्याचं काम घेणार, अन् उद्यापासनं रोज शाळा सुटल्यावर सुग्रीवकाकांकडं शिकणार. त्यांच्याकडं दोनच वर्षं हायत. त्यांना मी अजून विचारलं न्हाई. तुमाला आधी सांगितलं."